हेमराजचं नाव घेतो

पांढुर्णा, २९ ऑगस्ट २०२५

सरलाताई,

तुम्ही माहा नंबर ब्लॉक केला हे मले काल कळलं. रोज लावतो अन् रोज कटते, मले वाटलं तुमच्या सौसरात रेंज नसन. मंग शेजारच्या पोरीच्या मोबाइलवरून लावला तर पहिल्याच रिंगेत तुमचं "हॅलो" आलं, गूळ लावेल. माहा आवाज ऐकला अन् ठेवून देल्ला. बरं. पोस्टमनले तर कोणी ब्लॉक करत नाही. फाडून फेकाचं असन तर फेका, पण मले माहीत आहे, तुम्ही वाचूनच फाडाल.

तुम्ही चार लोकांत सांगून राहिल्या की अमितानं माह्या भावाच्या पोटावर पाय देल्ला. काय केलं मी? तुमचे भाऊ ज्या शाळेची व्हॅन चालवत, तिथल्या मॅडमनं मले बोलावलं अन् विचारलं, "तुमचे मिस्टर म्हणतात, गोटमारीत डोक्याला दगड लागला होता, म्हणून व्हॅन चालवताना चक्कर आली. खरं आहे का?" मी म्हटलं, "नाही." बस. एवढ्याश्या शब्दावर तुम्ही एवढ्या तापल्या.

झालं काय होतं ते तुम्हाले माहीत आहे, तरी लिहितो, कारण फोनवर तुम्ही मधातच बोलता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव जाम नदीवर गेलं. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, दरसालासारखे गोटमारीचे गोटे एकमेकांवर चालले. तुमचे भाऊ नदीवर गेलेच नाही. ते आमच्या न्हाणीच्या दारात आडवे पडेल होते, त्यांना ओलांडून मी पाणी भरलं. सोमवारी सकाळी तोंड धुवाच्या आधी घेतली अन् व्हॅनवर गेले. व्हॅन पुलाच्या कठड्याले घासली, चाक नालीत गेलं, डोकं स्टेअरिंगवर आपटलं. मागं लेकरं होते, ताई! एका पोरीचा दात पडला. एक पोरगा अजून व्हॅन पाहिली की मायच्या पदरात घुसते.

अन् तुम्ही दवाखान्यात आल्या, पट्टी पाहिली, अन् पहिली गोष्ट काय बोलल्या? "गोटमारीत लागलं म्हणा." डोकं तेज आहे तुमचं, मानलं. आपल्या गावात गोटा लागलेल्या माणसाले खुर्ची भेटते, चहा भेटते, लोक जखम पाहाले येतात. पिऊन पडलेल्याले कोण विचारते? पण त्या गोट्यामागं त्याले लपवाले मले नका सांगू. शाळेनं चावी काढून घेतली ती बरी केली. त्यानं चावी परत मागाची असन तर आधी बाटली ठेवाची. मी माफी लिहून देणार नाही, ना शाळेले, ना तुम्हाले.

तुमची भावजय,
अमिता


पांढुर्णा, १६ सप्टेंबर

सरलाताई,

तुमचे भाऊरावजी येऊन गेले. चहा घेतला, चष्मा पुसला, फळीवरचे धाग्याचे रीळ पाहून झाले, मंग बायकोचा निरोप सांगतला. अर्धा पोटातच ठेवला असन, भला माणूस आहे. जेवढा सांगतला तेवढा असा, की हेमराज आता सौसरले बहिणीजवळ राहीन, साजूक तूप खाऊन सुधरन. अन् अमितानं "त्या बायांच्या अड्ड्यावर" बसणं बंद कराचं, कारण तिथी नवरे सोडाले शिकवतात.

अड्डा! वा वं ताई. अड्डा तर तुमच्या भावाचा आहे, नाल्यापलीकडं. आमचं बसणं माह्या शिलाई मशीनच्या खोलीत असते. तुमच्या किती साड्यांले तिथीच पिको-फॉल झालं, ते विसरल्या वाटते.

काय शिकवतात ते ऐका. दर बेस्तवारी, दत्ताच्या वारी, दुपारी बाया येतात. सगळ्याइचे नवरे पितात. घरी काय सांगून येतात? ब्लाऊज शिवाले चालली. त्याच्यापायी गावात माहं नाव खराब झालं, की अमिता ब्लाऊज देतच नाही, नुसती मापं घेते. पूनम म्हणून एक पोरगी लोधीखेड्यावरून येते, तिची सासू एक दिवस बसनं येऊन धडकली. कमरेवर हात. "काय वं, माह्या सुनेचं ब्लाऊज शिवून राहिली की गोधडी?" बाया आतमंदी रडून राहिल्या, अन् मी बाहेर येऊन म्हणतो, "बसा ना मावशी, हुकच लावाचे राहिले." तिले सरबत देल्लं अन् तिथीच बसून शिवून काढलं. एक बाही आखूड झाली, पण मावशी खूश होऊन गेली.

हे सुरू केलं शकुबाईनं. तुम्ही ओळखता तिले, आमच्या गल्लीतल्या भैय्याजी मास्तरची बायको. पोरानं मास्तरले नागपुरात व्यसनमुक्तीले ठेवलं होतं, तिथी बायकांले बी बसवत. तिथून ती शिकून आली. पहिला नियम असा, की इथी आल्यावर नवऱ्याचं नाव घेऊन सांगाचं की तो दारू पितो. "हे" नाही, "आमच्या घरचे" नाही. नाव. आता शकुबाईनं जन्मात उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव घेतलं नाही. नियम तिचाच अन् जीभ तिचीच वळेना. शेवटी पदर सावरला अन् उखाण्यातच घेतलं:

संत्र्याच्या फांदीले बारीक काटे,
भैय्याजी पिऊन आले की दार लहान वाटे.

आम्ही एवढ्या हसलो, एवढ्या हसलो, की डोळ्यांत पाणी आलं, अन् मंग ते पाणी काही थांबे ना. तेव्हापासून जिले जमत नाही ती उखाणा घेते. नवीन बाई आली की आम्ही म्हणतो, घे नाव.

नवरे सोडाले कोणी शिकवत नाही. भैय्याजी अजून पितात अन् शकुबाई अजून त्यांच्याच घरी राहते. पहिले ती त्यांची वाट पाहत ताट झाकून उपाशी बसे. आता भूक लागली की जेवते, अन् त्यांचं झाकून ठेवते. आपण दारू लावली नाही, आपल्यानं ती सुटत नाही. पण दुसऱ्याच्या दारूपायी आपण खोटं बोलाचं नाही अन् उपाशी राहाचं नाही. एवढाच आमचा अभ्यास आहे. याले अड्डा म्हणत असाल तर म्हणा. मी बेस्तवार सोडणार नाही.

तुमच्या भावाले तूप चारा, मले काही म्हणाचं नाही. फक्त बाहेर जाऊ नये म्हणून घरात बसवून "थोडी थोडी" देऊ नका. तो उपाय साऱ्या पांढुर्ण्यानं करून पाहिला आहे.

अमिता


पांढुर्णा, ६ ऑक्टोबर

ताई,

साडी भेटली. हिरवी, जरीच्या काठाची, लई सुंदर. तुमचा हात एवढा सैल कधी नव्हता, म्हणून मी घडी मोडून आधी चिठ्ठी शोधली. होतीच. "श्रुतीचं डोहाळे जेवण रविवारी आहे. झालं गेलं विसर, सून पोरीसारखी आहे, मामी म्हणून ये. चंचल मॅडम पण येणार आहेत."

ही चंचल मॅडम कोण, हे तुम्ही लिहिलं नाही, तर मीच सांगतो. सौसरच्या ज्या शाळेच्या कमिटीत भाऊरावजी आहेत, ती शाळा या मॅडम चालवतात. दिवाळीनंतर त्यांची नवीन व्हॅन सुरू होऊन राहिली, लोधीखेडा अन् मोहगावच्या लेकरांसाठी. अन् त्या व्हॅनवर तुमचा भाऊ. पूनमनं सांगतलं मले. तिचा पोरगा त्याच शाळेत आहे, ताई, त्याच व्हॅनमधी बसणार आहे. मॅडमच्या कानावर पांढुर्ण्याची गोष्ट थोडी गेली, म्हणून त्या म्हणाल्या, घरच्या बाईला एकदा भेटू द्या. आता समजलं मले साडी हिरवी काऊन आहे. मी ती नेसून हसत बसाचं, अन् मॅडमनं विचारलं तर म्हणाचं, आमचे हे तर सुपारीले बी शिवत नाही.

तुम्हाले वाटते, अमिताले नवऱ्याचं बरं झालेलं पाहवत नाही. खोटं आहे ते. शुद्धीतला हेमराज मले आजही आवडतो, लिहाले लाज नाही वाटत. माह्या मशीनजवळ बसून सुईत दोरा ओवून देई, संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा दोरा अन् दोरा काढे अन् मंग माह्या हातावर ठेवे. तो माणूस कुठी गेला म्हणून मी लई रडली आहे. तो परत आला तर त्याच्या गाडीत सगळ्यात आधी मी बसीन. पण तो आला नाही. तुम्हीच त्याले रोज पाहता, तुम्हीच सांगा, आला आहे का? अन् आला नसन, तर दुसऱ्याचे लेकरं त्याच्यामागं कशे बसवता?

मी येईन. श्रुतीसाठी येईन, पोरगी गुणाची आहे. कोपऱ्यात बसीन, ओटी भरीन, जेवीन, शेवटच्या बसनं परत येईन. तुमच्या घरच्या कार्यात मी आपल्या मनानं तोंड उघडणार नाही, शब्द देतो. पण मले तिथी हेमराजबद्दल काही विचारू नका. विचारलं तर मी खरंच सांगीन, हे आताच लिहून पाठवून राहिली. मंग म्हणू नका की सांगतलं नव्हतं.

अमिता


पांढुर्णा, १४ ऑक्टोबर

सरलाताई,

तुमचं ऐकलं मी. बोरगावपर्यंत पोहोचलं आहे. अमितानं भरल्या ओटीत विष कालवलं, अमिता शिकवून-पढवून आली होती, त्या शिवणाऱ्या बायांनी करणी केली, अन् काय काय. तुम्ही होत्याच तिथी, तरी झालं तसं लिहितो. तोंडोतोंडी गोष्ट फुगते, कागदावर जेवढी आहे तेवढीच राहते.

मी शब्द पाळला. हिरवी साडी नेसून कोपऱ्यात बसली. चंचल मॅडम माह्या बाजूलेच होत्या, चांगल्या बाई आहेत, माह्या ब्लाऊजचा गळा पाहून कोणी शिवलं विचारलं. हेमराजबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. कार्याच्या घरी कोण विचारते? मी खुशाल ताटातली पोळी मोडून राहिली होती. मले वाटलं, सुटलो बाप्पा, आता जेवाचं अन् बस पकडाची.

पण तुम्हाले धीर निघाला नाही. मधात उभ्या राहिल्या, टाळी वाजवली अन् म्हणाल्या, "आमची वहिनी उखाणे झकास घेते. घे वं अमिता, मॅडमले ऐकव, माह्या भावाचं नाव घे!" तुम्हाले वाटलं असन, साऱ्या बायांदेखत बायकोनं नवऱ्याचं गोड नाव घेतलं की झालं सर्टिफिकेट, मॅडमले आणखीन काय पाहिजे. मी हात जोडले. नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तुमच्या जावा, नणंदा, शेजारच्या, साऱ्या मागं लागल्या, "लाजते, लाजते, या वयात लाजते!" तुम्ही तर माह्या दंडाले धरून उभं केलं. मंग घेतलं मी नाव:

चांदीच्या ताटात पुरणाची पोळी,
व्हॅनमंदी बसते लेकरांची टोळी;
पिऊन चालवतात गाडी, गोष्ट लपवू कशी?
हेमराजचं नाव घेतो डोहाळ्याच्या दिवशी.

पहिल्या ओळीले बाया "वा वा" म्हणाल्या. शेवटच्या ओळीले चंचल मॅडमनं ताट खाली ठेवलं अन् भाऊरावजींना बोलावता का म्हणून विचारलं. रागानं म्हणा की कशानं म्हणा, मी ताठ उभी होती, अन् पहिल्यांदा तुमच्या घरात मले कोणाची भीती वाटली नाही.

इथपर्यंतचं सारं माह्यावर. पण पुढचं माह्यावर नका टाकू. तुमच्याच मोठ्या जाऊबाईनं गोष्ट झाकाले म्हणून हाक देल्ली, "चला चला, डोहाळेवालीचं नाव राहिलं. घे श्रुती, चेतनचं नाव घे." श्रुती झोपाळ्यावर बसेल होती, फुलांचे दागिने घालून, एवढीशी दिसून राहिली होती. चांगली सुरू झाली पोरगी. "हिरवी साडी, हिरवा चुडा, मोगऱ्याची वेणी..." अन् अडकली. साऱ्या बाया तिले पुढचं सुचवून राहिल्या. तिनं कोणाकडं पाहिलं नाही, माह्याकडं पाहिलं. म्हणाली, "मामी, पुढचं जुळून नाही राहिलं. चेतन बी पितात."

देवाची शपथ घेऊन सांगतो, मी त्या पोरीशी याच्याआधी एकटीत कधी बोलली नव्हती. मले माहीतच नव्हतं. तुमचा चेतन माह्या मांडीवर खेळेल आहे, ताई.

तेव्हा साऱ्या बाया श्रुतीकडं पाहत होत्या. मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. तुम्ही दचकल्या नाही. तुम्ही फक्त दार लोटून घेतलं, की बाहेर माणसांत आवाज जाऊ नये.

अमिता


पांढुर्णा, ९ नोव्हेंबर

सरलाताई,

तुमचं कार्ड आलं. एवढ्या पत्रांनंतर तुम्ही एकच ओळ लिहिली. "घरची गोष्ट चव्हाट्यावर आणून तुला काय भेटलं, अन् माझी सून मुकाट्यानं परत पाठव."

हेमराज परवा येऊन गेले. व्हॅन दुसऱ्या माणसाले देल्ली म्हणून दारातूनच शिव्या देल्ल्या. मी मशीन थांबवली नाही. ऐकून घेतल्या. मंग विचारलं, जेवता का? शुद्धीत होते, म्हणून विचारलं. म्हणाले नाही, अन् गेले. नाल्याकडं गेले की बसस्टँडकडं, मी खिडकीतून पाहिलं नाही. पाहाचं मन लई झालं, खोटं कशाले सांगू. पण ब्लाऊज हातात होतं, ते पुरं केलं. भाऊरावजींना माहा नमस्कार सांगा. कमिटीत त्यांना ऐकून घ्यावं लागलं म्हणतात, त्याचं मले वाईट वाटते. पण त्यांच्या शाळेतले लेकरं रोज घरी पोहोचून राहिले, त्याचं वाईट वाटत नाही.

आता काय भेटलं ते.

श्रुती मागच्या महिन्याच्या शेवटच्या बेस्तवारी आली. पिशवी घेऊन, एवढं पोट घेऊन, सौसरवरून बसनं उभ्यानं आली. कोणाले सांगून आली विचारलं, तर म्हणे, "सासूआईले सांगतलं, मामीकडं ब्लाऊज शिवाले चालली." मले हसू आलं अन् रडू बी आलं. शकुबाई होती, पूनम होती, साऱ्या होत्या. आम्हाले वाटलं पोरगी आता बोलन, रडन. ती भिंतीले टेकून बसली. मी चहा टाकाले आत गेली, बाहेर येऊन पाहतो तर झोपेल होती. मशीनजवळ, कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून.

ताई, ती दिवे लागेपर्यंत झोपली. बाया मोठ्यानं बोलून राहिल्या, मशीन चालली, शेजारच्याइनं मिक्सर लावला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पोरगी हालली नाही. उठली तेव्हा घाबरून म्हणाली, "मामी, एवढी झोप मले सहा महिन्यांत लागली नाही. घरी एक कान दारावर ठेवून झोपावं लागते."

सहा महिने, ताई. तुमच्याच भिंतीपलीकडं. पोटात तुमचं नातवंड घेऊन. अन् तुमचाही कान दारावरच असन की, दुसऱ्या खोलीत. दोघी सासू-सुना जाग्या, अन् दोघी झोपेचं सोंग घेऊन पडेल. एकमेकीले एकदाही म्हटलं नाही तुम्ही, "अवं, जागी आहेस काय?"

हे भेटलं मले. चव्हाट्यावर मले एक पोरगी झोपलेली भेटली.

मी तिले पाठवणार नाही. ठेवून बी घेणार नाही, ती काही साडी नाही. तिचं मन झालं की ती आपल्या पायानं येईन. चेतनचा फोन येते, कधी बोलते, कधी नाही. माहेरी कळवलं आहे. दवाखान्याची तारीख मी सांभाळून राहिली. आज सकाळी तिनं बेसन मागून खाल्लं अन् आता दुपारची परत झोपली आहे, म्हणून हे पत्र मी चुलीजवळ बसून लिहून राहिली, मशीन लावली नाही.

सौसरवरून सकाळची बस तुम्हाले माहीत आहे. तिले उठवाले येत असाल तर येऊ नका, दारातूनच परत पाठवीन, मोठी नणंद असली तरी. पण तुमच्याही डोळ्याले डोळा लागत नसन, तर या. गादी टाकून ठेवतो. नाव उठल्यावर घ्या.

अमिता